तीन बोटं उतार

आमच्या शेडमध्ये दोन धंदे चालतात. पुढच्या भागात ह्यांचं सायकल दुरुस्तीचं आणि मागच्या भागात माझं, रिक्षांचे हूड आणि पावसाचे पडदे शिवायचं. मध्ये भिंत नाही, एक कपाट आहे. त्यातली वरची फळी ह्यांची, खालच्या तीन माझ्या आणि कात्री दोघांची, त्यामुळे रोज सकाळी कात्रीवरून भांडणाची एक फेरी झाल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नाही.

हे काम मला कुणी शिकवलं नाही. लग्न झालं तेव्हा मला उशीचा अभ्रासुद्धा धड शिवता येत नव्हता. एकदा एक रिक्षावाला फाटका हूड ह्यांच्याकडे टाकून गेला तो गेलाच. मी तो हूड महिनाभर उसवत बसले. कुठला तुकडा कुठून निघाला ते खडूनं लिहून ठेवलं आणि मग शेवटून सुरुवात करून पुन्हा जोडत आणला. त्याला आता बावीस वर्षं झाली. आमच्या स्टँडवरच्या निम्म्या रिक्षा माझं शिवण डोक्यावर घेऊन फिरतात. माझं काम कसं ओळखायचं, तर सरळपणावरून. गवंडी भिंतीला लावतात ती बुडबुड्याची लेव्हल मी पडद्याला लावते. बुडबुडा मधोमध थांबल्याशिवाय मी पडदा हातावेगळा करत नाही. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, तर होऊ दे.

तर त्या मंगळवारी आमच्या वन्सं शेडमध्ये आल्या आणि माझ्या स्टुलावर बसल्या.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे आहे जागच्या जागी, पण कामाला येत नाही. "माझ्याआधी तो रिटायर झाला," असं त्या सांगतात. उजवा पायही थोडा ओढतो, म्हणून काठी. काठी डाव्या हातात, पिशवी डाव्या हातात, खडू डाव्या हातात. सहा महिन्यांत त्या डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकल्या. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं, पण वर्तुळ पूर्वीपेक्षा गोल येतं असा त्यांचा दावा आहे आणि तो खोडून काढायची शाळेत कुणाची हिंमत नाही.

"छोट्या कुठंय?" त्यांनी विचारलं. आमचे हे पन्नाशीला टेकले, डोक्यावर चार केस उरले, तरी वन्सं त्यांना छोट्याच म्हणतात.

"पंक्चर काढतोय," हे पुढून ओरडले.

"काढ. मी तुझ्या बायकोकडे आलेय." त्यांनी पदराखालून एक पाकीट काढून माझ्या मशीनवर ठेवलं. "वाच."

मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र होतं. फार गोड. आपल्या प्रकृतीची आम्हां सर्वांना काळजी वाटते. पावसाचे महिने आपले वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे सोपवावेत असा विचार आहे. तरीही येत्या सोमवारपासून हजर राहणं आपल्याला जमणार असेल, तर तसं कळवावं.

पत्र यायचं कारण मला माहीत होतं. वन्सं रोज तुफानच्या रिक्षातून शाळेत जातात. तुफान हा आमच्या स्टँडवरचा सगळ्यात सावकाश चालवणारा माणूस, म्हणून त्याचं नाव तुफान. वन्संच्या गल्लीत चारचाकी शिरत नाही, आणि शिरली तर उलटी काढायला अख्ख्या गल्लीला बाहेर यावं लागतं, त्यामुळे रिक्षाला पर्याय नाही. आणि रिक्षा म्हणजे दोन्ही बाजू उघड्या. पलीकडची बाजू पावसाळाभर बंद ठेवता येते, पण चढायच्या बाजूचा पडदा चार नाड्यांनी बाहेरून बांधायचा. पाऊस आला की ड्रायव्हरनं थांबायचं, उतरायचं, भिजायचं आणि ओल्या नाड्यांच्या गाठी मारायच्या. पंधरा दिवसांपूर्वी पाऊस आला तो नेमका उड्डाणपुलावर. तिथे थांबता येत नाही. वाऱ्यानं पडदा सुटून फडफडायला लागला. वन्संच्या मांडीवर बेचाळीस उत्तरपत्रिकांची पिशवी होती. एका हातानं एकतर पडदा धरता आला असता, नाहीतर पिशवी. त्यांनी पिशवी धरली. पेपर कोरडे राहिले आणि बाई केसांपासून बुटांपर्यंत निथळत वर्गात गेल्या. तशाच ओल्या कपड्यांत चार तास घेतले. मग आठ दिवस ताप. बऱ्या होऊन गेल्या त्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा ताप.

"काळजी वाटते म्हणे," वन्सं म्हणाल्या. "एकदा पावसाळ्यापुरती खुर्ची सोडली की हिवाळ्यात तिच्यावर कोण बसलेलं असतं ते मी एकतीस वर्षं बघतेय. जाऊ दे. कळवून टाकते, जमणार नाही म्हणून. भूमिती कोणीही शिकवतं."

यातलं शेवटचं वाक्य त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नसेल.

"असं कसं? मी पडदा करते ना तुमच्यासाठी."

"पडदा तूच केलेला आहे, कारागीर." त्या मला कारागीर म्हणतात, तो पहिला हूड उसवत बसले होते तेव्हापासून. तेव्हा ते चिडवणं होतं, अजूनही असावं. "तुफानच्या रिक्षाला तुझाच पडदा आहे. सुंदर आहे, सरळ आहे. त्यातूनच भिजले मी."

पुढच्या भागात पंक्चरचं काम एकदम थांबलं. ह्यांना अशा वेळी ऐकू फार छान येतं.

बावीस वर्षं मी पडदे शिवले, पण ते सगळे बाहेर उभं राहून. ड्रायव्हर काय म्हणतो ते ऐकून. आत जो बसतो त्याला मी कधी विचारलंच नव्हतं.

"सोमवारपर्यंत थांबा," मी म्हटलं. "सोमवारपर्यंत काही कळवू नका."

"आज मंगळवार आहे."

"मला वार मोजता येतात, वन्सं. गणित तुमच्याइतकं नसलं तरी."

त्या हसल्या नाहीत, पण पाकीट उचलून पुन्हा पदराखाली ठेवलं. तेवढं मला पुरलं.

गुरुवारी माझा पडदा तयार होता. मी नाड्या काढून टाकल्या होत्या आणि दोन्ही कडांना चांगली जाड चेन लावली होती, तंबूला लावतात तशी. आत बसूनच लावायची, बाहेर उतरायला नको. तुफाननं रिक्षा शेडमध्ये आणून उभी केली. मी स्वतः आत बसून चेन दोनदा लावली, दोनदा काढली. लोण्यासारखी चालत होती. मग वन्संना बसवलं.

त्यांनी काठी मांडीवर घेतली, डाव्या हातानं चेनची जीभ पकडली आणि खाली ओढली. चेन जागची हलली नाही. कापडच तिच्याबरोबर खाली आलं. त्यांनी सोडून पुन्हा धरलं. पुन्हा कापड आलं. तिसऱ्या वेळी त्यांनी वाकून पडद्याची कड दातांत धरली आणि चेन ओढली, ती चार बोटं सरकली आणि अडकली.

चेनला एक हात ओढायला लागतो आणि एक धरायला. दोन हात असलेल्या बाईच्या हे लक्षात येत नाही. माझ्या आलं नाही.

"सोडा वन्सं," मी म्हटलं.

त्यांनी तोंडातलं कापड सोडलं, ओठ पुसले. "नाही, जमेल तसं. पण शाळेच्या दारात मी दातांनी पडदा सोडवताना दिसले तर पोरं भूमिती विसरतील आणि मला नाही विसरणार." मग तुफानकडे वळून म्हणाल्या, "तू काय बघतोस? घरी सोड मला."

शुक्रवारी सकाळी उठल्याबरोबर मी माझा उजवा हात ओढणीनं कमरेला बांधून टाकला. गाठ ह्यांना मारायला लावली.

"हे काय? कुणाशी मारामारी झाली?" हे म्हणाले.

"बांधा. आणि मी कितीही ओरडले तरी दुपारपर्यंत सोडू नका."

"एवढी संधी आयुष्यात एकदाच मिळते," असं म्हणून ह्यांनी दुहेरी गाठ मारली.

चहाच्या डब्याचं झाकण निघेना. डबा माझ्याबरोबर ओट्यावरून चालत होता. पेस्टच्या नळीचं टोपण दातांनी काढलं. वेणी सोडून दिली. सुईत दोरा ओवायला बसले आणि पहिल्यांदा कळलं की दोरा ओवणारा हात वेगळा आणि सुई स्थिर धरून बसणारा वेगळा, आणि खरं काम तो धरून बसणारा करतो. कौतुक मात्र ओवणाऱ्याचं होतं. दहा वाजेपर्यंत मला रडू आलं होतं, अकरा वाजेपर्यंत राग. वन्सं हे दोन वर्षं रोज करताहेत आणि वर विनोद करताहेत.

म्हणजे मला ओढण्याची सोय करायची नव्हती. धरून बसणारं काहीतरी शोधायचं होतं.

ते मला ह्यांच्या बाकावर सापडलं. सायकलच्या जुन्या साखळ्या हे खिळ्याला टांगून ठेवतात. वारा आला, कॅलेंडर उडालं, पिशव्या उडाल्या, साखळ्या हलल्याही नाहीत. आणि बाकावर एका जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक होतं, बेअरिंगमधले छर्रे घरंगळून हरवू नयेत म्हणून हे ते चुंबकाला चिकटवून ठेवतात. मी डाव्या हातानं एक साखळी चुंबकाजवळ नेली. टक्.

"अहो," मी म्हटलं, "अशी चुंबकं अजून किती मिळतील?"

"छर्रे कशाला चिकटवू मग मी?"

"कपाळाला चिकटवा. किती मिळतील?"

संध्याकाळपर्यंत पाच मिळाली. हात सोडून घेतला आणि कामाला लागले. पडद्याच्या खालच्या शिवणीत अख्खी साखळी घातली, तेल पाजून, गंजू नये म्हणून. रिक्षाच्या पायरीच्या कडेला पाचही चुंबकं बसवली. वर दोन कप्प्या, त्यांवरून दोरी, दोरी आत डाव्या हाताशी. दोरी ओढली की पडदा खालून गुंडाळत वर जातो, खिडकीच्या बांबूच्या पडद्यासारखा. दोरी एका लोखंडी खाचेत दाबली की तिथेच अडकून राहते. खाचेतून सुटली की साखळीच्या वजनानं पडदा खाली येतो आणि चुंबकं त्याला धरून ठेवतात. मध्ये पारदर्शक प्लास्टिकची खिडकी, म्हणजे कुठे आलो ते दिसावं. वरची पट्टी लावताना लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. मला म्हणाल तर त्या संध्याकाळी मी चार वेळा तो पडदा नुसता सोडून बघितला, टक् टक् टक् टक् टक् ऐकायला. ह्यांनीही दोनदा सोडला, मी बघत नाही असं समजून.

शनिवारी मुसळधार पाऊस होता. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी म्हटलं, नुसतं शाळेच्या दारापर्यंत जाऊन येऊ. वन्सं कुरकुरत बसल्या, मी त्यांच्या शेजारी. गल्लीतून बाहेर पडताच सरी आडव्या यायला लागल्या. वन्संनी दोरी खाचेतून काढली. पडदा खाली आला, पाचही चुंबकं बोलली. आणि एकदम शांत झालं. पाऊस बाहेर राहिला. उड्डाणपुलावर वाऱ्यानं पडदा फुगला, पण सुटला नाही. वन्सं हात लावून बघत होत्या, मांडी कोरडी, पिशवी कोरडी, सीट कोरडी. मग त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. त्यांचा चेहरा मला दिसत होता. बक्षीस समारंभात आपलं नाव पुकारलं जाईल याची खात्री असलेल्या मुलीसारखा.

पुढून तुफान ओरडला, "मी भिजतोय त्याचं काय ते कुणी सांगेल का?"

"तुला तापात सुट्टी मिळते," वन्सं म्हणाल्या. "गप्प चालव."

शाळेच्या दाराशी रिक्षा थांबली. वन्संनी दोरी ओढली, पडदा गुंडाळत वर गेला, दोरी खाचेत दाबली. सगळं एका हातानं, माझी मदत न घेता. काठी टेकवली आणि त्या वाकून उतरायला लागल्या.

त्याच क्षणी ती गुंडाळी कलंडली आणि तिच्यात साठलेलं पाणी, अर्धी बादली तरी असेल, वन्संच्या मानेवर आणि पाठीवर ओतलं गेलं.

दारावरचा वॉचमन धावत आला. "बाई, छत्री आणू का?" त्यानं चांगल्या मनानं विचारलं. त्यापेक्षा तो हसला असता तरी चाललं असतं.

परतीच्या वाटेवर वन्संनी पडदा सोडला नाही. पाऊस आत येत होता. मी सोडायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. आता काय वाचवायचंय?" घराशी उतरताना म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. पत्र लिहायचंय. माझ्या अक्षरात नको, लहान पोरानं लिहिल्यासारखं वाटेल. तू लिही, मी सही करते."

रविवारी मी गेले. दुसरा इलाज नव्हता. त्यांची खोली माझ्या ओळखीची, पण त्या दिवशी तिथे बसवेना. टेबलावर कोरा कागद काढून ठेवला होता, पेन ठेवलं होतं. वन्संच्या नाकाला लाली आली होती, एक शिंकही आली, ती त्यांनी दाबली.

"लिही. आपले पत्र मिळाले."

मी लिहिलं.

"आपण दाखवलेल्या काळजीबद्दल आभारी आहे." त्या थांबल्या. "'आभारी आहे'वर शिरोरेषा नीट दे. पुढे. मात्र, खेदानं कळवते की."

मी 'की' लिहिलं आणि थांबले. त्याही थांबल्या. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं, त्याच्याकडे बघत होत्या.

"ते पाणी आलं कुठून गं?"

"कुठलं?"

"कालचं. माझ्या मानेवरचं. हूडला भोक नाही, पडदा गळत नाही. मग अर्धी बादली पाणी होतं कुठे?"

"गुंडाळीत," मी म्हटलं. रात्रभर मी तेच तर घोकत होते. "पडदा बाहेरच्या अंगानं गुंडाळला जातो. त्याच्यावरून ओघळणारं पाणी गुंडाळीच्या खोबणीत अडकतं. तुम्ही वर ओढत गेलात तसं ते साठत गेलं."

"मग ते तिथेच का बसलं? वाहून का नाही गेलं?"

"कुठे जाईल?"

"तेच विचारतेय. गुंडाळी कशी होती? सरळ?"

"अगदी सरळ," मी जरा दुखावूनच म्हटलं. "लेव्हल लावून. बुडबुडा मधोमध होता, ह्यांना विचारा."

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या पोरानं बरोबर उत्तर चुकीच्या गणिताला लिहिलं असावं.

"म्हणजे तू त्या पाण्याला बसायला बाक तयार करून दिलास, कारागीर. आता ते उठेल कशाला? दे तो कागद."

त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं, डाव्या हातात. मुख्याध्यापिकाबाईंना लिहायच्या पत्राच्या उरलेल्या अर्ध्या भागावर, 'कळवते की' च्या खालीच, एक आडवी रेघ ओढली. रेघ थरथरत गेली. मग तिच्या एका टोकातून दुसरी, खाली उतरत जाणारी. "ही तुझी पट्टी. ही माझी. पुढे तेवढीच उंच, मागे खाली. पाणी मागे जाईल, चाकावर पडेल, माणूस उतरतो तिथे पडणार नाही. किती लांब आहे पट्टी?"

"अडीच हात."

"मग तीन बोटं उतार पुरे. चार दिलेस तर दोरी एका बाजूला अडेल. दोन दिलेस तर रिक्षा उतारावर असताना पुन्हा सपाट होईल. तीन."

मी कागदाकडे बघत राहिले. बरोबर होतं. इतकं बरोबर की मला लाज वाटली. आणि तरी तोंडातून दुसरंच निघालं.

"वाकडा पडदा शिवू मी?"

"का? काय झालं?"

"बाहेरून दिसेल ना. तीन बोटं म्हणजे रस्त्यापलीकडूनही दिसेल. अख्खा स्टँड माझं काम सरळपणावरून ओळखतो. काय म्हणतील लोक? म्हणतील, हिचा हात गेला."

बोलले आणि जीभ चावली. वन्संनी आपल्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणू दे की," त्या म्हणाल्या. "मला म्हणतातच. काही होत नाही."

आणि त्या हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग मीही. हसता हसता त्यांना शिंक आली आणि मला रडू. तो कागद मी घडी करून ब्लाउजमध्ये खोचला.

"पत्र राहिलं," त्या म्हणाल्या.

"पत्राला वेळ नाही मला. पट्टी बदलायचीय."

रविवारची दुपार मी शेडमध्ये रिक्षापुढे गुडघ्यांवर काढली. वरची पट्टी काढली, मागच्या टोकाला नवीन भोकं पाडली, तीन बोटं खाली. ह्यांनी ड्रिल धरलं. मग पडदा उसवला, खालची कड त्याच उतारात कापली, साखळी काढून पुन्हा भरली. सरळ कापड वाकडं कापताना हात धजत नाही हो. कात्री तीन वेळा लावली आणि काढली. चौथ्या वेळी ह्यांनी न बोलता कात्री माझ्या हातून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मात्र मी कापलं. माझं कापड मीच बिघडवणार, दुसऱ्या कुणाला का देऊ?

संध्याकाळी स्टँडवरचे तिघेचौघे चहा पीत शेडच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्यातला एकजण जाड भिंगांचा चष्मा लावतो, त्याला सगळे दुर्बीण म्हणतात. तोच म्हणाला, "वहिनी, माझा चष्मा घेता का दोन दिवस? पडदा उतरलाय तुमचा."

"उतरलाय नाही, उतरवलाय," मी म्हटलं.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"म्हणजे आता तुमच्याकडे सरळ आणि वाकडा, दोन्ही मिळतो का?"

सगळे हसले. मी साखळीला तेल लावत राहिले. मग हे उठले, कपाटातून लेव्हल काढली आणि पट्टीवर ठेवली. बुडबुडा सुटला तो सरळ पुढच्या टोकाला जाऊन बसला. मी घातलेला उतार बघत हे म्हणाले, "बावीस वर्षं बघतोय, हिचं काम जिथे असायला हवं तिथेच असतं. आजही आहे. तुम्ही चहा प्या."

ह्यांच्या तोंडून माझ्या कामाबद्दल एवढं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी खाली मान घालून साखळीला गरजेपेक्षा बरंच जास्त तेल लावलं.

सोमवारी सकाळपासून आभाळ फाटलं होतं. तुफान रिक्षा घेऊन वन्संच्या दाराशी गेला. निघताना वन्संचा निरोप होता, तू यायचं नाहीस. मी 'नाही येत' म्हटलं होतं. आणि तरी, ह्यांनी नुकतीच दुरुस्त केलेली कुणाची तरी सायकल काढून, रेनकोट न घालताच, मी आडवाटेनं निघाले. तुफान उड्डाणपुलावरून सावकाश येणार, हे गृहीत धरायला गणित लागत नाही. मी आधी पोचले. शाळेसमोर रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या फळीखाली उभी राहिले. फळी अर्ध्या हाताची, पाऊस त्याहून रुंद.

रिक्षा आली. पडदा खाली होता. वरून खालपर्यंत बंद, त्यावरून पाण्याचे पाट वाहत होते, आणि तिरका, सांगून ठेवल्यासारखा तिरका. ती दारातून आत गेली आणि शाळेच्या पायऱ्यांशी, पोर्चच्या छपराला लागून थांबली. पायऱ्यांवर मुख्याध्यापिकाबाई उभ्या होत्या, पाऊस बघायला आल्या असाव्यात.

पडदा हलला. वर जायला लागला, हप्त्याहप्त्यानं, एका हातानं दोरी ओढली की मध्ये थांबतो तसा. गुंडाळी वर पोचली आणि तिच्या मागच्या टोकातून पाण्याची एक जाड धार निघाली. मागच्या चाकावर पडली, चाकावरून जमिनीवर गेली, आणि पडतच राहिली. आधी धार, मग बारीक धार, मग थेंब. पुढच्या अंगाला, माणूस उतरतो तिथे, काही नाही.

मग काठी बाहेर आली. मग वन्सं. निळी साडी, इस्त्रीची घडी जशीच्या तशी. मुख्याध्यापिकाबाई दोन पायऱ्या खाली आल्या. त्या काय म्हणाल्या ते पावसात मला ऐकू आलं नाही. वन्संचं मात्र ऐकू आलं. एकतीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज आहे तो.

"सोमवारपासून, असं लिहिलं होतंत तुम्ही. आज सोमवार आहे. पहिला तास माझा आहे ना?"

मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, बुटांपासून केसांपर्यंत. ओलं कुठे दिसतंय का शोधत असाव्यात. सापडलं नसावं. त्या बाजूला झाल्या. वन्सं एकेक पायरी चढून आत गेल्या. मागे वळून बघितलंही नाही, आणि मला त्याचंच सगळ्यात बरं वाटलं. जिला रोजच यायचंय ती कशाला वळून बघेल?

थोड्या वेळानं घंटा झाली. तळमजल्यावरच्या एका खिडकीतून तोच आवाज आला, "बसा. वह्या काढा. मी नव्हते तेव्हा काय काय विसरलात ते आधी सांगा."

तुफान रिक्षा वळवून रस्त्यावर आला आणि मला बघून थांबला. मी फळीखाली उभी होते, पण ते म्हणायला. पदर, केस, चपला, सगळ्यातून पाणी चाललं होतं.

"वहिनी? तुम्ही? निम्मी नदी घेऊन उभ्या आहात." त्यानं सायकल पाठीमागच्या कॅरिअरला बांधली. "बसा. सोडतो घरी. आता तुम्हाला काय, पडदा असला काय आणि नसला काय."

खरंच होतं. वाचवण्यासारखं माझ्या अंगावर काही उरलं नव्हतं. मी आत बसले, डाव्या हातानं दोरी खाचेतून काढली आणि पडदा सोडला. पाचही चुंबकं लागोपाठ बोलली. बाहेर पाऊस कोसळत राहिला आणि मी आत बसून राहिले. ओलीचिंब आणि सुरक्षित.